सोसायटीच्या रस्त्यावरचा ताणा

बाबांचा हातमाग सुटा करून टेम्पोत चढवला, तेव्हा पवनीचा अख्खा कोष्टीपुरा, आमची विणकरांची गल्ली, दारात उभा होता. आई गेल्यावर बाबा एकटे पडले, म्हणून मीच हट्टानं त्यांना पुण्याला न्यायला आले होते. टेम्पो हलला तशी शेजारची रमाकाकू म्हणाली, "माग नेऊन राहिली बाई, पण तिथं ताणा कोण धरीन?" मी हसण्यावारी नेलं.

कोष्टीपुऱ्यातले तुम्ही, जे तिथंच राहिलात आणि जे माझ्यासारखे सुरत-पुण्याला पांगलात, तुम्हाला सांगायला नको. पण इथल्या मैत्रिणींना दहादा सांगावं लागतं, की आमची गल्ली म्हणजे रस्ता नव्हताच मुळी, कारखाना होता. सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत मागाचे उभे धागे ताणायचे, हाच ताणा, त्यांना भाताची खळ लावायची आणि वाळेपर्यंत दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत राहायचं. हात थांबला की धागे चिकटले, ताणा वाया. म्हणून कोणाचाही ताणा लागला, की घराघरातून माणसं निघायची. आमंत्रण नाही, मजुरी नाही. भांडणं मात्र भरपूर! कुंचा फिरवता फिरवता एकमेकांची उणीदुणी काढायची, अन् काम झालं की एकत्र चहा. नवरदेवाची गाडी आली तरी कोपऱ्यावर थांबायची. रिक्षा दारापर्यंत येत नाही याची लहानपणी मला लाज वाटायची. काय अक्कल होती!

पुण्यात माग हॉलमध्ये बसवला. बाबा त्याच्याजवळ नुसते बसून राहत. मला स्वतःला समोरच्या फ्लॅटमधल्यांचं आडनाव माहीत नव्हतं, बाबांना कोण ओळखणार? एक दिवस म्हणाले, "मले परत नेऊन दे. इथं घरं आहेत, माणसं नाईत." माझा जीव तुटला. रविवारी बघू म्हटलं.

रविवारी उठले तर बाबा घरात नाहीत. खाली बघते तर गेटपासून क्लबहाऊसपर्यंत ताणा लागलेला! वॉचमनला हाताशी धरून बांबू उभे केलेले, परवानगी-बिरवानगी काही नाही. वॉचमन गेटवर परतलेला, खळ लावून झालेली, आणि बाबा एकटेच कुंचा घेऊन इकडून तिकडे धावत होते. ऊन चढत होतं.

मी धावत जाऊन कुंचा उचलला. पण दोघांनी काय होणार? मधले धागे चिकटायला लागले, बाबांचा चेहरा उतरला. हा ताणा गेला तर बाबाही परत जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग लाजबीज सोडली, मान वर केली आणि गल्लीतल्यासारखी हाक दिली, "ताणा वाळून राहिला होऽ, या लवकर!"

बाल्कन्या उघडल्या. समोरच्या फ्लॅटमधले काका लुंगीवरच उतरले, मग त्यांची सून, मग जिमला निघालेलं एक जोडपं. सेक्रेटरी तणतणत आले, गाड्या काढायच्या कशा म्हणाले. बाबांनी त्यांच्या हातात कुंचा दिला. "बोला ना साहेब, पण हात चालू ठेवा."

त्यांनी दोन्ही चालू ठेवलं.

ताणा वाचला. मी तिथंच रस्त्यावर बसून आनंदानं रडले. पार्किंगवरून बाबांचं अन् सेक्रेटरींचं दुपारी परत कडाक्याचं वाजलं, ते आमच्याच घरी, चहा पिता पिता. बाबा इतके खुशीत मी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते.

आता दर ताण्याला बी विंग खाली उतरते. परवा कोष्टीपुऱ्यातून फोन आला, घरी कधी येता म्हणून. बाबा कुंचा धुता धुता म्हणाले, "घरीच तं आहो मी. तुम्हीच या आता, हात कमी पडून राहिले."