वत्सलाबाई आणि जिन्यातला वास

ईदनंतरच्या पहिल्या शनिवारी सकाळी बहरीनमध्ये, मनामातल्या एका चार मजली इमारतीत प्रोपेन गॅसची गळती झाली. नवी पाइपलाइन सुरू होऊन आठवडाही झालेला नव्हता. कुणाला इजा झाली नाही. गळती उघडकीस आणली ती पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या वत्सलाबाई वानखडे यांनी. वत्सलाबाईंना कोणताही वास येत नसे. ही गोष्ट त्या सकाळपर्यंत त्यांच्या घराबाहेर कुणालाही माहीत नव्हती. हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचे आहे.

वत्सलाबाई मूळच्या अकोल्याकडच्या. नवरा प्रभाकर वानखडे एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, शिफ्टची ड्यूटी. एक मुलगी, सुजाता, इंग्रजी शाळेत. वत्सलाबाई घरून डबे देत. डबे घेणारे बहुतेक एकटे राहणारे मराठी लोक होते, काही बँकांतले, काही मीना सलमान बंदरावरच्या वर्कशॉपमधले. भाड्याच्या फ्लॅटमध्ये असा धंदा करायला परवानगी नव्हती. इमारतीत सगळ्यांना तो माहीत होता आणि कुणी त्याबद्दल बोलत नसे. दर एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाचे जेवणही त्यांच्याच स्वयंपाकघरातून जाई.

त्यांच्या दाराला साखळी होती. बेल वाजली की दार साखळीपुरते उघडे आणि आतून प्रश्न येई, "कोणं पाठोलं?" मी वरच्या मजल्यावर राहत होतो, एका इंग्रजी दैनिकात रात्रपाळीला होतो, त्यामुळे सकाळी घरी असे. चार वर्षे शेजारी राहूनही मला हा प्रश्न चुकला नाही. "कोणी नाही पाठवलं, वहिनी, वर राहतो," असे सांगितले की साखळी निघे.

आत गेल्यावर पाहुण्याच्या हातात काहीतरी दिले जाई. कधी वाटीत वरण, कधी दूध, कधी नुसते पीठ. "पाहा बरं, भाऊ, कसं हाये." पाहुणा बरे म्हणे. वत्सलाबाई त्याच्या बोलण्याकडे लक्ष देत नसत. त्या चेहरा पाहत. नाकपुड्या किंचित वर गेल्या की वाटी परत घेतली जाई आणि त्यातले सिंकमध्ये ओतले जाई. पाहुण्याला वाटे, बाई आपल्यावरही विश्वास ठेवत नाही. त्यांचे म्हणणे ठरलेले होते: "तोंड खोटं बोलते. नाक नाही बोलत."

संशय घेण्याबाबत त्यांचे स्वतःचे एक वाक्य होते: "संशय फुकट हाये. भरोसा महाग पडते." हे त्या मासळीवाल्याच्या देखत म्हणत, कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, मलबारी मालकाच्या देखत म्हणत आणि नवऱ्याच्या देखतही म्हणत.

तिसऱ्या मजल्यावर मीनाताई अभ्यंकर राहत. पुण्याच्या, नवरा बँकेत. इमारतीतल्या मराठी घरांपैकी त्यांनी एकट्यांनीच वत्सलाबाईंचा डबा कधी मागवला नव्हता. "आमच्याकडे मीच करते ना," असे त्या सांगत. वत्सलाबाईंना हे कारण पटलेले नव्हते. "पुरणपोळी बाहेरून आणते, मग माहं वरण काहून नाही चालत?" असे त्यांनी एकदा मला विचारले आणि उत्तराची वाट न पाहता पुढे म्हणाल्या, "लोकायले कारण पाह्यजे असते, भाऊ. आपण हाती देऊ नये." या संशयाला पुरावा कधी मिळाला नाही. तो खोटा होता असेही सिद्ध झाले नाही.

आपल्याला वास येत नाही हे असेच एक कारण होते. सुजाताच्या जन्मानंतर माहेरच्या न्हाणीत पाय घसरून त्यांच्या डोक्याला मागून मार लागला होता. जखम भरली, वास गेला तो परत आला नाही. तिखट, मीठ, आंबट, गोड जिभेला कळे, बाकी सारे त्या डोळ्यांनी आणि कानांनी करत. मोहरी किती तडतडली, कांद्याला कोणता रंग आला, तेल मसाल्यापासून कधी सुटले, यावर स्वयंपाक चाले. दूध रोज सकाळी सुजाता हुंगे आणि म्हणे, "इट्स फाइन, आई." शाळेत किंवा जिन्यात याबद्दल अवाक्षर काढायचे नाही, हे तिला बजावलेले होते. हे तिने मला फार नंतर सांगितले. वास न येणाऱ्या बाईच्या हातचा डबा कोण खाईल, हा हिशेब वत्सलाबाईंनी बहरीनला येण्याआधीच केला होता.

हिंगही त्याच हिशेबातला होता. त्या खडा हिंग गावाहून मागवत आणि फोडणीत सढळ हाताने घालत. जिन्यात त्याचा वास दुपारपर्यंत असे. कुणी कसल्याही वासाचा विषय काढला, मासळीचा, गटाराचा, करपल्याचा, की त्यांचे उत्तर तयार असे: "हिंगाचा असन." लोक हसत आणि विषय संपे. हिंग असला की माणूस वासाबद्दल दुसरे काही विचारत नाही, असे त्या घरात म्हणत. हे प्रभाकररावांनी सांगितले.

त्या हिवाळ्यात घरमालकाने स्वयंपाकघरातले सिलिंडर काढून टाकायचे ठरवले. मागच्या अंगणात जाळीच्या पिंजऱ्यात मोठे सिलिंडर उभे राहणार, तिथून पाइप इमारतीच्या शाफ्टमधून वर चढणार आणि प्रत्येक शेगडीपर्यंत जाणार, मध्ये प्रत्येकाचा मीटर. गॅस बंद करण्याच्या चाव्या मात्र शाफ्टमध्ये, बाहेरून कुलपात. काम सलमाबादच्या एका वर्कशॉपला मिळाले. फिटर होते हसनभाई, रत्नागिरीकडचे. बाकी सगळ्या घरांत दोन दिवसांत भिंतीला भोके पडली. वत्सलाबाईंनी साखळी काढली नाही.

"वैनी, माझा टायम जातो हां," हसनभाई फटीतून म्हणाले.

"जाऊ द्या. पाइप नको मले. माहं सिलिंडर बरं हाये."

"सिलिंडरात न् पाइपात गॅस एकच."

"सिलिंडर माह्या पायाजवळ हाये. तुमची चावी कुलपात."

पाइप पहिल्या मजल्यावरून वर जाणार होता. त्यांच्यामुळे सगळ्यांचे काम अडले. जुने सिलिंडर संपत आले होते. जिन्यात चर्चा सुरू झाली आणि तिचा निष्कर्ष एकच होता: वानखडेबाईंना मीटर नको आहे, मीटर बसला की डब्यांचा धंदा किती मोठा आहे ते मालकाला कळेल. मीनाताईंनी हे त्यांना तोंडावर विचारले. मी तेव्हा पायरीवर होतो.

"वत्सलाताई, स्पष्ट विचारते. मीटरची भीती आहे का तुम्हाला?"

वत्सलाबाईंनी आधी त्यांचा चेहरा पाहिला. मग म्हणाल्या, "हो, तसंच समजा."

धंद्याची गोष्ट कबूल केली तर फार तर मालकाची बोलणी बसणार होती. दुसरी गोष्ट बाहेर गेली असती तर धंदाच बसला असता. लहान लपवालपवी पुढे करून त्यांनी मोठी झाकली. त्या दिवशी हे कुणाच्या लक्षात आले नाही.

तोड हसनभाईंनी काढली. शेगडीशेजारी, हाताला येईल असा, लांब दांड्याचा वेगळा व्हॉल्व्ह बसवून देतो म्हणाले. दांडा पाइपच्या रेषेत असला की चालू, आडवा असला की बंद.

"म्हणजे पाहून समजते?" वत्सलाबाईंनी विचारले.

"लांबून समजते."

साखळी निघाली. हसनभाईंनी काम केले, पाइपमध्ये हवा भरली, प्रत्येक सांध्यावर ब्रशने साबणाचे पाणी लावले आणि बुडबुडा येतो का पाहिले. कुठेच आला नाही. ते ब्रश पुसत असताना वत्सलाबाईंनी ओट्याखालून स्वतःचा ब्रश आणि साबणाच्या पाण्याची वाटी काढली आणि पहिल्या सांध्यापासून तीच तपासणी पुन्हा सुरू केली. सिलिंडर असताना त्या रोज स्वयंपाकानंतर रेग्युलेटरवर हेच करत. ब्रशचे केस झिजून निम्मे राहिले होते.

"माझ्या कामावर भरोसा नाय, वैनी?"

"तुमच्यावर हाये जी. पाइपावर नाही."

हसनभाई हसले नाहीत. वत्सलाबाई शेवटच्या सांध्यापर्यंत पोचेस्तोवर ते उभे राहिले.

ईदच्या आदल्या दिवशी गॅस सुरू झाला. सुट्टीत सगळे सुरळीत चालले. शनिवारी सकाळी प्रभाकरराव ड्यूटीवर आणि सुजाता शाळेत गेल्यावर वत्सलाबाई डाळ निवडत बसल्या होत्या. शेगडी पेटलेली नव्हती, दांडा आडवा होता. जिन्यात वास होता. त्या सकाळी जिन्यातून गेलेल्या प्रत्येकाला तो आला आणि प्रत्येकाने तो हिंगाचा समजला. त्यात मीही होतो. गळती कळावी म्हणून प्रोपेनला मुद्दाम दिलेला वास आणि तेलात न पडलेला खडा हिंग यांत फरक आहे, पण पहिल्या मजल्यावरून रोज जाणाऱ्यांना तो शोधावासा वाटत नाही.

मीनाताई कोल्ड स्टोअरमधून परत येत होत्या. वत्सलाबाईंचे दार साखळीपुरते उघडे होते. मी वरून खाली येत होतो, त्यामुळे पुढचे संभाषण मी ऐकले.

"काय हो, आज हिंगाचा डबाच उपडा केलात की काय? नाक धरून आले खालून."

"हो ना. हात जास्त पडला," आतून उत्तर आले. दार लागले.

मीनाताई चार पायऱ्या चढल्या असतील. दार पुन्हा उघडले, या वेळी साखळीशिवाय. वत्सलाबाई बाहेर आल्या. हाताला डाळीची भुकटी लागलेली होती.

"मीनाताई, थांबा. माह्या घरी हिंग नाही. गुरुवारीच सरला."

"अहो, पण आत्ता तर तुम्ही म्हणालात..."

"खोटं बोलली मी. मले वास येत नाही. कशाचाच येत नाही. बारा-तेरा वर्सं झाली." मग त्या मीनाताईंच्या चेहऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "तुम्ही सांगा मले. खाली जा दोन पायऱ्या आन् नीट घ्या वास. कशाचा हाये?"

मीनाताई खाली उतरल्या. त्यांनी नाकावरचा पदर काढला. त्यांना बोलायची गरज पडली नाही, वत्सलाबाईंना चेहऱ्यावर दिसले.

"कोणाची बेल वाजवू नका," त्या म्हणाल्या. "हातानं दार ठोका. लाइटचं बटन नका दाबू. भाऊ, तुम्ही वरचे दोन मजले घ्या."

आणि त्या खाली गेल्या. तळमजल्यावर शाफ्टच्या पायाशी पाण्याचा पंप होता. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, सिराज तो रोज याच सुमारास हाताने लावत असे. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. सिराज पंपाच्या खोलीच्या दारात पोचला होता.

"सिराज, मोटर मफी, मोटर नहीं! हात मत लगाना. पिंजरा बंद कर, यल्ला, जल्दी."

"भाभी, टंकी खाली है। सब लोग चिल्लाएगा।"

"चिल्लाने दे."

सिराजने मागे जाऊन सिलिंडर बंद केले. पंधरा-वीस माणसे रस्त्यावर उभी राहिली. काहींच्या अंगावर रात्रीचे कपडे होते. हसनभाई सलमाबादहून आले, शाफ्टमध्ये उतरले आणि तळाजवळचा एक सांधा सैल झालेला त्यांना सापडला. एसीचे काम करणाऱ्याने उतरताना पाइपवर पाय दिला असावा, असे त्यांनी सांगितले. एसीवाल्याने ते नाकारले. मालकाने दोघांचे ऐकून घेतले आणि शाफ्टला दुसरे कुलूप लावले.

रस्त्यावर उभे असतानाच बातमी पसरली होती. डबा घेणारा एक बँकवाला पुढे आला.

"वहिनी, एक विचारू? दूध नासलं तर कसं कळतं तुम्हाला?"

"पोरगी हुंगते."

"आणि ती शाळेत असली तर?"

"मंग तुमाले चाखाले देते, अन् तुमचं तोंड पाह्यते," वत्सलाबाई म्हणाल्या. दोघे-तिघे हसले. विचारणारा हसला नाही.

त्या दिवशी डबे गेले नाहीत. त्यानंतरच्या दिवसांत काहींनी डबा बंद केला. कुणी डाएटचे कारण सांगितले, कुणी ड्यूटी बदलल्याचे, कुणी रूमवर नवा स्वयंपाकी आल्याचे. वासाचे कारण एकानेही सांगितले नाही. वत्सलाबाईंनी प्रत्येकाचे बोलणे ऐकून घेतले आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून मान हलवली. हसनभाईंनी आपला आणि वर्कशॉपमधल्या दोघांचा डबा सुरू केला. ते नेणारी गाडी तशीही इकडे येते, असे त्यांचे म्हणणे होते.

मीनाताई दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी खाली येऊ लागल्या. न विचारता दुधाचे पातेले उचलत, हुंगत, "चांगलं आहे," म्हणत आणि वर जात. वत्सलाबाईंना याचा उलगडा होत नव्हता. "हे काहून येते, भाऊ, रोज?" त्यांनी मला विचारले. "कोणं पाठोलं तिले?" महिन्याभराने अभ्यंकरांच्या घरी एक डबा जाऊ लागला. वत्सलाबाईंनी त्याबद्दलही संशय व्यक्त केला, पण साखळी लावणे त्यांनी मीनाताईंपुरते सोडले. हिंग पुढेही पूर्वीइतकाच पडत राहिला.

दशकाच्या शेवटी प्रभाकररावांचे कॉन्ट्रॅक्ट संपले आणि कुटुंब अकोल्याला परतले. फ्लॅट सोडताना वत्सलाबाईंनी नव्या भाडेकरणीला व्हॉल्व्हचा दांडा दाखवला, आडवा आणि उभा, तिच्याकडून दोनदा करवून घेतला, आणि ओट्याखालचा ब्रश तिथेच ठेवला.

काही वर्षांनी त्या वारल्याचे मला सुजाताने फोनवर कळवले. अकोल्याच्या घरी, दुपारी, स्वयंपाक आटोपल्यावर, ओट्यापाशी बसलेल्या असताना. घरात दुसरे कुणी नव्हते. सुजाता या वेळी मराठीत बोलत होती. ती पोचली तेव्हा कुकर अजून गरम होता. रेग्युलेटर बंद होता आणि त्यावरचा साबणाचा फेस वाळलेला नव्हता.