ओला खाऊ

सोमवारी कुंदाकाकू कामावर आल्या नाहीत. साडेनऊला त्यांच्या मुलीचा फोन आला. "ताई, आई गेली," ती म्हणाली. रविवारी संध्याकाळी, शॉमबर्गच्या घरी, काकूंचं हृदय थांबलं. माझ्या हातात एक कागद होता. तो मी त्यांना त्या दिवशी दाखवणार होते.

काकू आमच्या प्रयोगशाळेत उंदरांची देखभाल करत. मूळच्या नागपूरच्या, तिथल्या पशुवैद्यक कॉलेजच्या पदवीधर. ती पदवी इथे परदेशात चालली नाही, आणि पुन्हा परीक्षा द्यायच्या तर मुलगी लहान होती. मग त्या पिंजरे धुऊ लागल्या आणि धूतच राहिल्या. टोपी, मास्क, हातमोजे घालून त्या उंदरांच्या बिनखिडकीच्या खोलीत शिरल्या की आधी दाराशी थांबायच्या. मिनिटभर नुसत्या ऐकायच्या. "कोण गप्प आहे ते ऐकून राहिली," म्हणायच्या.

आमच्या उंदरांत एनडीयूएफएस-फोर नावाचं एक जनुक नव्हतं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांना ते लागतं. ते नसलेल्या पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यात केस गळतात, पाचव्यात तोल जाऊ लागतो, आणि दोन महिन्यांच्या आत ते संपतं. माणसांच्या मुलांतही असा आजार असतो. पहिल्या दिवशी मी हे सगळं काकूंना आकृती काढून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे घरात दाणे आहेत, पण चूल पेटत नाही." पुढे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला मी हेच वाक्य ऐकवत आले, त्यांचं नाव न घेता.

कोणतं पिल्लू आजारी निघणार हे कळायला मला चाचणी करावी लागे. काकू पाठीवरचे केस पाहून आधीच सांगत.

दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. मी पुण्याची, त्यामुळे टोमणा ठरलेला. उंदरांचं खाद्य ग्रॅममध्ये मोजताना मला पाहिलं की म्हणायच्या, "तुम्ही पुण्याचे लोक उंदरालाही ‘जेवूनच आला असाल’ म्हणाल बाप्पा!" आणि बोलता बोलता माझ्या डब्यात न विचारता वडाभात वाढायच्या.

गेल्या वर्षी मी एक औषध उंदरांच्या पाण्यातून देऊन पाहिलं. निम्म्या आजारी पिल्लांना औषधाचं पाणी आणि पिंजऱ्यावर पिवळं कार्ड, निम्म्यांना साधं पाणी. औषधाची पिल्लं जास्त दिवस जगली. मी आकडे पुन्हा पुन्हा तपासले, शोधनिबंध लिहिला, आणि तो पाठवायच्या आदल्या दिवशी देशी दुकानातले पेढे घेऊन काकूंकडे गेले.

पेढा त्यांनी हातातच धरून ठेवला. "कोणत्या पिंजऱ्यांतली जगली?"

"पिवळ्या कार्डाची."

"त्यांना मी ओला खाऊ देत होते, पोरी."

औषध कडू होतं. पिल्लं पाणी कमी पीत आणि सुकत चालली होती. उभं राहून वरच्या जाळीतल्या खाद्याच्या गोळ्या खाण्याइतकी ताकद त्यांच्यात उरली नव्हती. म्हणून काकू रोज सकाळी त्या गोळ्या भिजवून, लगदा करून, पिंजऱ्याच्या तळाशी बशीत ठेवत. फक्त कडू पाणी पिणाऱ्यांना. कार्डावर कुठेही नोंद नव्हती.

"लिहिलं का नाही, काकू?"

"औषध दिलं असतं तर लिहिलं असतं. जेवायला वाढलं, त्याचं काय लिहायचं?"

"माझं वर्ष गेलं," मी म्हणाले. आवाज चढला होता. "औषधानं जगली की खाऊनं, हे कसं कळणार? त्या आजारी मुलांच्या आया आम्हाला पत्रं लिहितात. त्यांना आता काय सांगू?"

त्यांनी पेढा टेबलावर ठेवला. "खोटं तर नाही ना सांगितलं अजून," एवढंच म्हणाल्या.

त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणालाही कळलं नसतं. हे मला फार उशिरा सुचलं. निबंध मी पाठवला नाही, आणि डबा माझ्या टेबलाशी एकटीच खाऊ लागले. काकू जाता-येता दारातून विचारायच्या, "जेवली का?" मी वर न बघता "हो" म्हणायचे. असे कित्येक महिने गेले.

प्रयोग मी पुन्हा केला. या वेळी सगळ्या पिंजऱ्यांत ओला खाऊ. भिजवायच्या काकूच. काकू गेल्या त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शेवटचे आकडे आले. दोन गटांत काही फरक नव्हता. औषध निरुपयोगी ठरलं. पण दोन्ही गट आमच्या जुन्या नोंदींतल्या पिल्लांपेक्षा जास्त जगले होते. थोडेच दिवस, पण जास्त. काकूंना दाखवायचा होता तो हा कागद. त्या सोमवारी मी दोघींचा डबा नेला होता.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये त्यांची मुलगी माझा हात धरून म्हणाली, "आई तुझ्याबद्दल सारखी बोलायची, ताई. म्हणायची, यू वेअर राइट टू बी मॅड, तुझं रागावणं बरोबरच होतं." कागद माझ्या पर्समध्ये होता. मी पर्स उघडली आणि पुन्हा बंद केली.

आता आमच्याकडे आजारी पिल्लांच्या कार्डावर एक ओळ छापलेली असते : ओला खाऊ, तळाशी, रोज सकाळी, सर्व पिंजरे. तिच्यापुढे सहीची जागा आहे. खाऊ मी भिजवते. सही मी करते.