विहीणबाईंचं स्वस्त तिकीट

माझ्या विहीणबाई माझ्याआधी विमानात बसल्या, तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. लपवून काय करू? स्वस्तातल्या विमानांचं तेव्हा नवंनवं पेव फुटलं होतं. पेपरात पानभर जाहिराती यायच्या, रुपया-दोन रुपयांत तिकीट, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत ‘कर वेगळे’. आम्ही विरारला त्या जाहिराती वाचायचो आणि दुसऱ्या दिवशी तो पेपर डब्यांखाली अंथरायचो. विहीणबाई वसईला सायबर कॅफेत जाऊन बसायच्या. भिशीच्या बायकांना घेऊन त्या गोव्याला जाऊन आल्या, तेही मंगळवारी, कारण मंगळवारी स्वस्त असतं म्हणे. आल्यावर हळदीकुंकवाला जमलेल्या एकूणएक बाईला त्यांनी पर्समधून बोर्डिंग पासचा तुकडा काढून दाखवला. मीही हातात घेऊन बघितला, छान आहे हो म्हटलं, आणि घरी येऊन भांडी जरा जास्तच जोरात घासली.

आमचे हे एसटीत आरक्षणाच्या खिडकीवर जन्म काढून निवृत्त झालेले. एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोघांचं भाडं वेगवेगळं असतं, हे त्यांना काही केल्या पटेना. आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर घरी बसवला असता, म्हणायचे. विहीणबाई थापा मारतात असं त्यांचं ठाम मत पडलं. नवरा इतका शहाणा मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

मग अमेरिकेतून मुलीचा फोन आला. तिसरा महिना लागला होता. मी आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग रडले. पहिलं बाळंतपण माहेरचं. ती काही इकडे येऊ शकत नव्हती, डॉक्टर सगळे तिकडचे, तेव्हा मी जायचं हे ठरलेलंच होतं. तिला न्हाऊमाखू घालायचं, शेकशेगडी करायची, आणि ते बाळ घरच्यांपैकी पहिलं कुणाच्या हातात पडायचं, तर माझ्या. तो माझा मान होता. व्हिसे आम्हा दोघी विहिणींचेही आधीच होऊन बसले होते, जावईबापूंनी लग्नानंतर लगेच कागदपत्रं पाठवली होती. राहिलं होतं फक्त तिकीट.

मुलगी म्हणाली, आत्ताच काढ, आत्ता स्वस्त आहे, नाताळाच्या सुमाराला तारीख दिलीय, तेव्हा भाडी आभाळाला जातील. मी म्हटलं, सातवा लागू दे, तुझी ओटी भरू दे, मग बघू.

आता यात काय होतं ते तिला कसं सांगणार? तिच्याआधी माझं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं. माझ्या आईने हौसेने आधीच झबली-टोपडी शिवून ठेवली होती. ती झबली नंतर कुणाला द्यायची हेही कुणाला कळेना. तेव्हापासून आमच्या घरात सातव्याआधी पोटातल्या बाळासाठी काही म्हणून आणत नाहीत, साधी टाचणी नाही. आणि तिकीट म्हणजे काय? तेही बाळासाठीच काढायचं की. पण पोटुशा पोरीच्या कानावर असलं घालतात होय? मग मी तिला दुसरंच कारण दिलं. म्हटलं, शेवटी शेवटी घेऊ, उरलेल्या जागा काय विमानवाले लोणच्याला ठेवणार आहेत? आपोआप स्वस्त होतील.

आणि हे मी नुसतं सांगायचं म्हणून सांगितलं नव्हतं, माझा त्यावर विश्वास होता. अर्नाळ्याच्या कोळणी आमच्याकडे बाजारात बसतात. सकाळी पापलेटाला हात लावू देत नाहीत, आणि दिवेलागणीला बाजार उठायच्या वेळी गेलं की त्याच स्वतःहून ‘घे गो बाय’ म्हणत टोपली पुढे सरकवतात. मी संसारभर मासळी तशीच घेतली आणि सगळ्या बिल्डिंगीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. खुर्ची काय आणि पापलेट काय, न विकलेली वस्तू मालकाच्या डोक्यावर बसते, असा माझा हिशोब.

सातवा लागला. तिकडच्या चार मराठी बायकांनी तिची ओटी भरली, मी इकडे देवीची भरली, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं स्टेशनजवळच्या एजंटाकडे गेलो. तिथे बसायला जागा नव्हती. वसईकडच्या भुईगावची दोन ख्रिस्ती घरं कुवेतहून येणाऱ्या मुलांच्या तिकिटांसाठी आली होती, नाताळाला सगळा गाव घरी येतो. एजंटाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि भाडं सांगितलं. मुलीने सांगितलं होतं त्याच्या दुपटीच्या वर. हे म्हणाले, अहो, विमान तेच ना? एजंट म्हणाला, विमान तेच काका, पण स्वस्तातल्या जागा मोजक्याच असतात, त्या पहिल्यांदा येईल त्याला. नंतर येणाऱ्याला गरज असते, आणि गरज असलेला माणूस देईल तेवढं भाडं. त्या कोळणी कशा देवमाणसं आहेत, ते मला त्या खुर्चीत बसून कळलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, एफडी मोडू. मी नको म्हटलं नाही. बँकेत न्यायची पावती कपाटातून काढून ठेवली आणि मुलीला सांगायला फोन केला, की मी येतेय.

ती म्हणाली, “आई, अगं मम्मींचं तिकीट तेव्हाच काढलंय. तू नंतर बघू म्हणालीस, मग यांनी त्यांना विचारलं. कुणीतरी हवंच होतं ना?”

सासूला ती मम्मी म्हणते. मी म्हटलं, मग त्यांना सांग तारीख पुढे ढकलायला. तर म्हणे, ते बदलता येत नाही, बदलता येत नाही म्हणून तर एवढं स्वस्त मिळालं, आता सोडलं तर सगळे पैसे बुडतील. घर एका खोलीचं, दोघी एकदम मावणार नाहीत. तू त्या परतल्या की ये, तेव्हा भाडंही उतरेल, निवांत तीन महिने राहा.

माझ्या अंगाची नुसती लाही झाली. म्हणजे माझ्या लेकीच्या बाळंतपणाला कोण जाणार, हे एका स्वस्तातल्या तिकिटाने ठरवलं! आणि तेही त्या बाईच्या. विहीणबाई निघायच्या आधी मुद्दाम घरी आल्या, डिंकाचे लाडू कसे करू, तिला आळीव आवडतात का, विचारत होत्या. मी सगळं नीट सांगितलं, वर बाळंतविड्याचं सामान बांधून दिलं. माझ्या लेकीचा प्रश्न होता. पण त्या जिना उतरून रिक्षात बसल्या तेव्हा वाटलं, या बाईचं विमान निदान दोन दिवस तरी दुबईत अडकून पडावं. पडलं नाही. विहीणबाईंचं काही अडत नाही.

नात झाली. फोन विहीणबाईंनीच केला, गोरीपान आहे, आमच्याकडच्यासारखं नाक आहे म्हणाल्या. नाकसुद्धा त्यांचंच. मी सगळ्या बिल्डिंगीला पेढे वाटले आणि प्रत्येक घरात तोच प्रश्न ऐकला, अय्या, तुम्ही नाही गेलात? मग मी भाड्याचं गणित समजावत बसायची. ते कुणालाच पटत नसे. मलाही नाही.

वसंतात त्या परत आल्या. माझं तिकीट तोवर हातात पडलं होतं, चांगलं स्वस्तात. मुलीने पाठवलेलं सामान द्यायला त्या विरारला आल्या. विमानातलं जेवण, बारा तास न उतरता बसणं, मधल्या विमानतळावरचे सरकते जिने, हे सगळं आता ऐकावं लागणार म्हणून मी आधीच दात आवळून चहा ठेवला. पण त्या त्यातलं काहीच बोलल्या नाहीत. चहा निवत ठेवून म्हणाल्या, “तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. कळा यायला लागल्या तशी ती सारखी तुम्हालाच हाका मारत होती. मी हात धरला तर तिने सोडवून घेतला.”

मला आनंद झाला. इतका, की मी तोंड फिरवून साखरेचा डबा उगाच वर ठेवला. वाटलं, घ्या, काढा मंगळवारी तिकीट! आणि तो डबा फळीवर टेकतोय न टेकतोय तोच ती हाक माझ्यापर्यंत येऊन पोचली. ती हाका मारत होती, आणि मी इथे याच ओट्याशी उभी असणार, भात टाकत.

पाठमोरीच विचारलं, “मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? सांगितलं, आई निघालीय. विमानात बसलीय, पोचेलच आता.” त्यांनी कप उचलला. “मग जरा शांत झाली.”