बाटल लावली का उभी

माय दोन महिन्यांत चारदा चक्कर येऊन पडली. एकदा तर बांधीत, म्हणजे आमच्या धानाच्या शेतात, शेणखत पसरताना. दर वेळी बाबा तिला गावच्या डॉक्टरकडे नेत, तो सलाईन लावी आणि तासाभरात माय उठून बसे. "बाटल लावली का उभी होते, आणखी काय पायजे?" हे बाबांचं म्हणणं. पण सोबतच्या बायांनी सांगून टाकलं, यंदा तुला रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, नेत नाही. जिच्या मागे सगळी ओळ चालायची ती माझी माय खाटेवर पडून आढ्याकडे बघत राही. हे ऐकून मला राहवेना.

मी सासरहून आले ती भांडायच्या तयारीनंच. चांगला डॉक्टर विचारला की जो तो नागपूर सांगे. शेवटी कोहमाऱ्याच्या चौकात एका अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यानं सांगितलं, "नागपूरले कायले जाता? सडक अर्जुनीले एम.डी. मॅडम आल्या ना."

मॅडम माझ्यापेक्षाही लहान. त्यांनी सुई दिली नाही, नुसते प्रश्नच विचारत बसल्या. बाबांचा पारा चढला. "मॅडम, तिले ग्लुकोजची बाटल लावा. त्यानंच फरक पडते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "शुगरची गोळी घेता ना? उद्या घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मायनं पिशवी टेबलावर उपडी केली. त्यात शुगरच्या दोन पट्ट्या निघाल्या, एक गावच्या डॉक्टरची, एक शिबिरात मिळालेली. नावं वेगळी, रंग वेगळे, औषध एकच. माय इमानदारीनं दोन्ही खात होती. डबल गोळीनं साखर उतरायची म्हणून ती पडायची आणि ग्लुकोजनं चढायची म्हणून उठायची. मॅडमनी एक पट्टी बंद केली, दुसरीचा डोस कमी केला आणि वेळेवर जेवायला बजावलं. त्यानंतर माय पडली नाही. मी जिंकले होते, आणि बाबांना ते आठवडाभर ऐकवलं.

रोवणीच्या दिवशी बायांनी तिला बोलावलं नाही, तीच परह्याची, धानाच्या रोपांची, जुडी घेऊन बांधीत उतरली. दुपारी मी बांधावरून हाक मारली. "थांब व, एवढी पात होऊ दे," हातातली ओळ रोवत माय म्हणाली.

"डॉक्टरनं वेळेवर जेवायले सांगितलं हाय," मी ओरडले.

ती मुकाट आली, भात खाल्ला, आणि बाकीच्या बाया हात धूत होत्या तोवर पुन्हा चिखलात उतरलीसुद्धा.