शून्याला बंद झालेली जमीन

बेटावरच्या ग्रां बुआ गावात इंद्रदेवला त्याच्या नावाने हाक मारणारे फार थोडे होते. बाकी सगळे त्याला मागून ‘पिमां’ म्हणत, म्हणजे मिरची. राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे. बस उशिरा आली की राग, मराठी मंडळाच्या सभेत कुणी भाषण लांबवलं की राग, बायकोने, निर्मलाने, चहा गरम दिला की राग आणि गार दिला की जास्त राग. तरी लोक त्याचं ऐकून घेत, कारण तो आर्पांतेर होता. शपथ घेतलेला सर्वेयर. त्याने ठोकलेली खुंटी कोर्टातसुद्धा हलत नाही, असं गावात म्हणत आणि ते खरंही होतं.

धंदा तो शिकला बो बासेंमधल्या एका म्हाताऱ्या सर्वेयरकडे, १९७२ सालापासून. म्हातारा फार बोलत नसे, पट्टीने बोटांवर मारत असे. त्याच्याकडून इंद्रदेवने मार खायला शिकून घेतलं आणि मारायलाही. पण कामातली मुख्य गोष्टही तिथेच कळली. जमिनीच्या एका कोपऱ्यापासून निघायचं, प्रत्येक बाजूची दिशा आणि लांबी मांडत कागदावर चारी बाजूंनी फिरायचं आणि शेवटी निघालो त्याच कोपऱ्यावर परत यायचं. परत येताना टोक थोडं चुकतंच. ऊन असतं, मोजायची साखळी ताणते, माणसाचा हात हलतो. ती फट थोडी असली तर जमीन बंद झाली म्हणायची, बेटाच्या क्रेओल बोलीत ‘फेर्मे’. फट मोठी असली तर कुठेतरी घोळ आहे, पाय उचल आणि परत जा. आणि फट मुळीच नसली तर? म्हातारा म्हणे, शून्य आलं की हिशेब करणाऱ्याला आधी दाराबाहेर काढ, तो खोटं बोलतोय.

१९७९ मध्ये इंद्रदेवने स्वतःची कचेरी काढली, बो बासेंलाच, कापडाच्या दुकानावर. धाकटा भाऊ देवराज हाताखाली आला. त्या पोराने काय काय सोसलं ते त्यालाच ठाऊक. नकाशावर रेघ जाड झाली की नकाशा फाटे. आकडा चुकला की दौत भिंतीवर जाई. एकदा कार्तिए मिलितेरच्या भर बाजारात, जमिनीच्या मालकासमोर, इंद्रदेवने त्याला गाढव म्हटलं, तेही शुद्ध मराठीत, आणि सगळ्यांना कळावं म्हणून पुन्हा क्रेओलमध्ये. देवराज मान खाली घालून उभा राही. लोक म्हणत, भाऊ किती गुणी. गुणी कसला, तो घाबरलेला होता. या दोन गोष्टींत लोक नेहमीच घोटाळा करतात.

१९८६ मध्ये कचेरीत कॉम्प्युटर आला. हिरव्या अक्षरांचा पडदा आणि मोजणीचा प्रोग्रॅम. बाजू आणि दिशा टाकल्या की जमीन किती फुटांनी उघडी राहते ते तो क्षणात सांगे. पुढे आणखी एक सोय होती. एक कळ दाबली की ती चूक तो आपणच बाजूंवर वाटून टाके आणि जमीन बंद करून दाखवी. कुठले कोपरे हलवायचे नाहीत तेही आधी सांगता येई. इंद्रदेवने एकदा ते पाहिलं आणि म्हणाला, ही कळ चोरासाठी केलेली आहे. मशीन मग देवराजच्याच ताब्यात राहिलं. मशीन ओरडत नव्हतं, एवढं एकच कारण देवराजला पुरेसं होतं.

त्याच वर्षी बापाच्या जमिनीची वाटणी निघाली. आज्याने गिरमिट, म्हणजे मळ्यावरच्या मजुरीचा करार, संपल्यावर साखरमळ्याकडून विकत घेतलेला तुकडा तो, बाप राधाकृष्णने जन्मभर राखलेला. पश्चिमेला इंद्रदेवचं सिमेंटचं घर, मध्ये देवराजचं, आणि पूर्वेच्या टोकाला, मळ्याच्या उसाला लागून, बापाचं जुनं पत्र्याचं घर. तिथे बहीण जमुना राहत होती. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि घरामागे स्वतंत्र स्वयंपाकघर बांधून आशार, म्हणजे लोणची, करून विकू लागली. चूल पेटली तर तिचं चालणार, एवढं साधं होतं ते. घरचं काम आपण मोजू नये, दुसऱ्या सर्वेयरला द्यावं, असा धंद्यातला रिवाज आहे. इंद्रदेवला कुणी तसं सुचवलं तर तो म्हणाला, “माझ्या बापाची जमीन दुसरा मोजणार?” मग गडबडीत त्याने ती मोजणी देवराजवर टाकली आणि आलेल्या नकाशावर न वाचता सही केली. सोमवारी नोतेरकडे, म्हणजे दस्त करणाऱ्या वकिलाकडे जायचं होतं.

शनिवारी सकाळी तो परसात गेला तर जमुना बरण्या उचलून बाहेर अंगणात मांडत होती. चुलीच्या विटा तिने आधीच सोडवल्या होत्या.

“काय करतेस?”

“चूल हलवत्येय,” जमुना म्हणाली. “खुंटी हितं आली ना.”

स्वयंपाकघराच्या मधोमध, जमिनीत, लाल रंग दिलेली लोखंडी खुंटी देवराजने ठोकलेली होती. तिच्या पलीकडची भिंत, मोरी, बरण्यांची फळी, सगळं आता साखरमळ्याचं. आज्याने पाठ मोडून मळ्याकडून घेतलेली जमीन, आणि नातवाने सहीनिशी परत मळ्याला दिली होती. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात ते हेच.

इंद्रदेव देवराजच्या दारात गेला तो गल्लीभर ऐकू येईल असा ओरडतच. “कि एते सा? काय हाय हे? डोळे फुटले व्हते काय तुझे?”

“मशीननं दिलं, दादा. बंद झाली ती. एर्रर जेरो.”

“जेरो?”

इंद्रदेवला म्हातारा सर्वेयर आठवला. मग त्याने भावाला गाडीत घातलं आणि बो बासेंपर्यंत वाटेत एकही शब्द बोलला नाही. देवराजला ते शिव्यांपेक्षा वाईट वाटलं.

कचेरीत त्याने मशीन लावायला सांगितलं आणि बाजू परत टाकायला लावल्या. यावेळी ती कळ दाबायची नाही. पडद्यावर फट आली दहा फुटांहून जास्त. एवढ्याशा तुकड्यात दहा फूट. इंद्रदेवने टेबलावर मूठ आपटली, पेन्सिली खाली सांडल्या. मग बापाचं जुनं फ्रेंच खरेदीखत त्याने पुढ्यात ओढलं, एकदा वाचलं आणि कपाळावर हात मारला.

“पिये,” तो म्हणाला. “गाढवा, कुठला पिये?”

आपल्या बेटावर ‘पिये’ म्हणजे पाय, म्हणजेच फूट. पण जुन्या खतातला पिये फ्रेंच, लांब. पूर्वेची बाजू मळ्याने अलीकडे वाट काढताना परत मोजून दिली होती, ती इंग्रजी फुटात, आखूड. नाव एक, पाय दोन. तिकडच्या कोपऱ्याचा दगड ट्रॅक्टरने कधीच उखडलेला, म्हणून जागेवर ताडून बघायचीही सोय नव्हती. देवराजने चारी बाजू इंग्रजी म्हणून टाकल्या. तीन जुन्या बाजू आखूड पडल्या, चौथी खरी राहिली, टोकं कशी जुळणार? ही चूक कुणाच्याही हातून झाली असती. इंद्रदेवच्याही झाली असती, हे त्याला आत कुठेतरी पटलं आणि त्यामुळे तो आणखी भडकला.

“फट दिसली तेव्हा मला का न्हाय सांगितलंस?”

देवराज खाली पडलेल्या पेन्सिली गोळा करत होता. एक एक पेन्सिल उचलून तो डब्यात ठेवत गेला.

“सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, दादा?”

इंद्रदेवची नजर भिंतीवरच्या शाईच्या जुन्या डागाकडे गेली.

“ली पा फेर्मे, बंद होत न्हाय, एवढं म्हणालो असतो तर मशीन खिडकीबाहेर गेलं असतं. मग कळ दाबली. चूक कुठंतरी जायला पायजे. तुझा कोपरा हलवला तर तू ओरडणार. माझा हलवला तर बायको ओरडणार. जमुना न्हाय ओरडत.”

मुकी बिचारी, कुणी हाका. सगळा प्रोग्रॅम, सगळा हिरवा पडदा त्या एका म्हणीवर चालला होता. इंद्रदेवला त्या क्षणी भावाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उचलला गेलाही. देवराजने डोळे मिटून घेतले, सवयीने, आणि पेन्सिलींचा डबा छातीशी धरला. तिशी ओलांडलेला माणूस. इंद्रदेवने हात खाली घेतला आणि त्या हाताचं काय करावं ते त्याला कळेना.

जुन्या तिन्ही बाजू फ्रेंच फुटांनी टाकल्यावर फट उरली बोटभर. नकाशावर पूर्वेची रेघ जमुनाच्या मोरीपलीकडे, उसाच्या पहिल्या सरीत जाऊन बसली. इंद्रदेवने सही केलेला नकाशा फाडला.

रविवारी सकाळी तिघं परसात उभे राहिले. देवराज उसात नव्या खुंटीची जागा साफ करत होता. इंद्रदेवने स्वयंपाकघरातली लाल खुंटी दोन्ही हातांनी उपटून फेकली आणि त्याचा उरलेला सगळा राग बहिणीवर आला.

“तू बरण्या उचलून बाहेर ठेवल्यास. घर जातंय, चूल जातेय, आणि तोंडातून शब्द न्हाय. तुला जीभ न्हाय काय?”

जमुना विटा परत जागेवर लावत होती. तिने वर पाहिलं. ती चिडलेली होती; तिच्या तोंडावर राग इंद्रदेवने याआधी कधी बघितला नव्हता, आणि तो त्याच्या स्वतःच्या रागासारखाच होता, तोच बापाचा.

“जीभ हाय,” ती म्हणाली. “तू घरात असलास की कुणाची बाहेर येते? बाबा गेल्यापास्नं या घरात एकटा तूच बोलतोस, दादा. आमी ऐकतो. खुंटी आली, मी म्हटलं, दादाची सही हाय, बे की पू फेर, काय करणार. चूल मी कुठंबी मांडीन. तुज्याशी कोण भांडणार?”

देवराजचा उसातला कोयता थांबला. इंद्रदेवने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तरं त्याच्याकडे होती, रागीट माणसाकडे ती नेहमी असतात. त्याने त्यातलं एकही दिलं नाही. टेपची गुंडाळी उचलून त्याने जमुनाच्या हातात दिली आणि टोक धरून तो पश्चिमेच्या कोपऱ्याकडे चालत गेला.

“वाच,” तो तिकडून म्हणाला.

जमुनाने टेप ताणला, वाकून पाहिलं आणि आकडा सांगितला. तो त्याच्या नकाशातल्या आकड्याशी जुळत नव्हता. चांगला हातभर चुकत होता. इंद्रदेवच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. देवराजने सवयीने खांदे आवळले. जमुना टेप धरून तशीच उभी राहिली.

“परत सांग,” इंद्रदेव म्हणाला, “मला नीट ऐकू न्हाय आलं.” आणि तो थांबला, ती सांगेपर्यंत.