'अवांतर वाचन'ची मांडणी

अमरावतीतलं ते पुस्तकांचं दुकान अजून चालू आहे, याचं लोकांना नवल वाटतं. हेच लोक आत येतात, पुस्तक चाळतात, मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि पायरी उतरायच्या आत ते फोनवरून मागवतात. एकाने तर दुकानदार काकांनाच विचारलं होतं, "काका, वायफाय हाय का?"

दुकान चालतं स्पर्धा परीक्षेच्या गाईडांवर. कथा-कादंबऱ्यांची मागे एकच मांडणी होती. काकूंनी तिला मुदत दिली होती. "दिवाळीपर्यंत खपल्या तं ठीक. नाई तं तिथं मोबाईलचे कव्हर लावू." काका रोज तिथली धूळ पुसत. आणखी काय करणार?

मी परतवाड्याकडचा. घरी भाजीचा मळा, कॉलेजात जाणारा मीच पहिला. सरांनी फळ्यावर पुस्तकांची यादी लिहिली, तिच्या शेवटी होतं 'अवांतर वाचन'. मी सगळं उतरवून दुकानात गेलो. बाकीची पुस्तकं मिळाल्यावर म्हणालो, "आणि अवांतर वाचन द्या. भाग पहिला असंल तं तोच."

काकू हसल्या. काका हसले नाहीत, म्हणून ते मला भले वाटले. त्यांनी मागून एक कथासंग्रह काढून दिला. "हाच तो."

आठवड्याभरात मांडणीवर पाटी लागली : 'अवांतर वाचन. सर्व शाखांसाठी उपयुक्त.' पुस्तकं तीच. मुलं मात्र येऊ लागली.

"काका, याच्यावर किती मार्काचं येते?"

"सांगता येत नाई," काका म्हणत. खोटं नव्हतंच ते.

मीही संभाव्य प्रश्न समासात लिहीत वाचत होतो. चौथ्या कथेत प्रश्न लिहायचं राहूनच गेलं.

पुढे सरांनी 'अवांतर'चा अर्थ सांगितला आणि मी तावातावाने दुकानात गेलो. दिवाळी चार दिवसांवर होती. मांडणी अजून निम्मी भरलेली, आणि काकू कव्हरांचं खोकं उघडून तिच्यापुढे उभ्या. तेवढ्यात अकोल्याहून शिकायला आलेल्या एका मुलीने मला विचारलं, "दादा, हे कोण्या पेपरले हाय?"

काका माझ्याकडे बघत राहिले. कोणत्याच नाही, हेच तर मी सांगायला आलो होतो.

"सगळ्याच," मी म्हणालो.

तिने तीन पुस्तकं घेतली. जाताना विचारलं, "सोडवलेली प्रत नाई का?"

काकूंनी खोकं गाईडांच्या बाजूला सरकवलं. "पुस्तकं राहू द्या इथंच," त्या काकांना म्हणाल्या, "पन पाटी मोठी करा."