कानाच्या तुकड्यातून कालवड

माझी मावशी बेचाळिसाव्या वर्षी प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तेव्हा तिला गायीबद्दल एवढंच ठाऊक होतं की ती दूध देते आणि मनात आलं तर लाथही मारते. त्याआधी वीस वर्षं ती आजोबांच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायची. मोबाइल आले, लोकांची मनगटं मोकळी झाली आणि दुकानाला कुलूप लागलं. तेवढ्यात कळलं, जनावरांचे क्लोन करणाऱ्या प्रयोगशाळेला न थरथरणारे हात हवेत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी केसाहून बारीक काचेची सुई तिच्या हाती दिली, पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून या."

"करतेस काय नेमकं?" मी विचारलं.

"घड्याळाची डबी ठेवायची, आतलं यंत्र बदलायचं. गायीच्या बीजांडातलं केंद्रक काढायचं, त्या जागी दुसऱ्या गायीच्या कातडीतली पेशी बसवायची. मग विजेचा हलका झटका. चाललं तर चाललं!"

एक गोठेवाले काका होते. त्यांची म्हातारी गाय कधी आजारी म्हणून पडली नव्हती आणि दूध तर बादल्या भरभरून. ती गेली त्या दिवशी त्यांनी तिच्या कानाचा तुकडा बर्फात घालून धावतपळत आणला.

मावशीने स्पष्ट सांगितलं, "काका, क्लोनला लागणाऱ्या पैशांत वीस चांगल्या गायी येतील."

"वीस येतील हो, पण ती नाही येणार."

"ती तशीही येणार नाही. उशिरा जन्मलेली तिची जुळी बहीण येईल, एवढंच."

काका हट्टाला पेटले होते. तीनशे बीजांडं झाली, सातव्या दिवसापर्यंत पस्तीस गर्भ तगले. त्यातले बारा गर्भ एकेक करून बारा गायींच्या पोटी ठेवले, तीनच गाभण राहिल्या. एकीचा गर्भ गळाला. दुसरीच्या पोटातलं वासरू अवाढव्य वाढलं आणि बाळंतपणात मायलेकरं दोन्ही गेली.

मावशी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी राजीनामा घेऊन बाईंसमोर उभी राहिली. "हौस काकांची, नाव आपलं आणि जीव त्या मुक्या बाईचा!"

बाईंनी कागद बाजूला सारला. "जाऊ नका. काय बदलायचं ते सांगा."

"राहिलेली गाय अडली तर आधी तिला वाचवायचं, वासराचं नंतर बघू. आणि एकदा हे सोसलेल्या गायीला पुन्हा या कामाला जुंपायचं नाही. लिहून द्या."

बाईंनी तिथल्या तिथे लिहून सही केली.

तिसरीचंही वासरू फार वाढू नये म्हणून दिवस भरायच्या आधीच, एका सकाळी, शस्त्रक्रिया ठरली. बाईंनी वासरू बाहेर काढलं आणि लगेच गायीकडे वळल्या, ठरल्याप्रमाणे. वासरू निपचित! मावशीने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला, कोरड्या गोणपाटाने ती त्याचं अंग खसाखसा घासत सुटली. "अगं घे ना श्वास, घे ना गं बये!" मग तिने गवताची काडी नाकपुडीत फिरवली. फाडकन शिंक आली! मावशीच्या तोंडावर, चष्म्यावर सगळा सडा. ती आनंदाने एवढ्या मोठ्यांदा ओरडली की बाई म्हणाल्या, "हळू, माझे टाके चुकतील!"

काकांनी आत येऊन बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. "हिच्या कपाळावर चांदणी कुठंय?"

"बीज तेच असतं काका, पण ठिपके पोटात वाढताना कसेही पडतात," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात, नुकती टाके घातलेली ती गाय मान लांब करून कालवडीला चाटू लागली. काकांना हसू फुटलं. "तिची नक्कल मागायला आलो होतो. ही तर नवीच पोरगी निघाली! आता आईलाही मीच नेणार."

मायलेकी त्यांच्याकडेच आहेत. गेल्या महिन्यात ती कालवड स्वतः व्याली, प्रयोगशाळेशिवाय. भर दुपारी मावशीचा फोन आला, ती नुसती किंचाळत होती, "अगं, खोंड झालाय, खोंड! आणि एकही सुई लागली नाही त्याला!"